चौथ्या दिवसाची करवंटी

माशांच्या पिल्लांच्या काळजाचे ठोके मोजणं हे माझं काम. सुवा शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू काचेसारखं आरपार असतं. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की त्याच्या काळजाचा वरचा कप्पा, खालचा कप्पा, आत येणारं रक्त, बाहेर जाणारं रक्त, सगळं दिसतं. मिनिटाला साधारण सव्वाशे ठोके. पाहुणे आले की डोळा लावून बघतात आणि 'अय्या, किती गोड' म्हणतात. मला त्यात गोड काही वाटत नाही. गोड वाटायला लागलं की मोजणी चुकते.

त्या गुरुवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मी नव्या अर्काचे थेंब ताटलीत सोडले. साडेआठच्या आत बाराच्या बारा पिल्लांची काळजं थांबली.

अर्क माझ्या वहिनीच्या औषधाचा होता. वहिनी म्हणजे वासिती, माझ्या थोरल्या भावाची, आपेनिसाची बायको. कंदावू बेटावरच्या आमच्या गावात कुणाचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागायला लागली, आडवं झोपवेना झालं, की लोक तिच्या दारात जातात. तिच्या आईकडून आलेलं औषध आहे. एका वेलीची पानं आणि त्यात रेवाच्या झाडाची नखभर साल, रात्रभर पाण्यात भिजवलेली. वेलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते वासितीच्या घरचं आहे आणि तसा करार आमच्या संस्थेनं तिच्याशी केला आहे. रेवाचं लपवण्यासारखं काही नाही, ते किनाऱ्यावर जागोजाग उभं असतं. पांढरी फुलं, आंब्यासारखी फळं, आणि त्या फळाला आमची शेंबडी पोरंसुद्धा हात लावत नाहीत. बी पोटात गेलं तर माणूस संध्याकाळ बघत नाही.

तेच विष नखभर घेतलं तर दमलेलं काळीज सावकाश आणि जोरात चालायला लागतं. वासितीच्या आईला हे माहीत होतं. आम्हाला कळायला सहा वर्षं लागली, त्यातली दोन वर्षं कागदपत्रांत गेली. किती घेतलं तर औषध आणि किती घेतलं तर विष, एवढंच आम्ही शोधत होतो. ते अंतर फार थोडं आहे, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

बारा पिल्लं मेलेली बघून मला आधी भीती नाही वाटली, राग आला. ताटली नीट धुतली नसेल, असं वाटलं. ताटली बदलली, नवी पिल्लं घेतली, अर्कात चौपट पाणी घातलं. या वेळी मी डोळा हलवला नाही. आधी ठोके सव्वाशेचे नव्वद झाले, मग साठ. मग वरचा कप्पा दोनदा उडायचा तेव्हा खालचा एकदा उडायला लागला. मग तीनदा उडायचा तेव्हा एकदा. मग खालचा नुसता थरथरत राहिला, आणि वरचा बिचारा काही वेळ एकटाच चालत होता. चौपट पाणी घालूनही फक्त सात मिनिटं जास्त मिळाली.

तेव्हा मी सालीच्या पुडक्यातून आलेली चिठ्ठी पुन्हा काढली. पुडकं मंगळवारच्या बोटीनं आलं होतं. चिठ्ठी मी तेव्हाच वाचली होती, आणि हसून खिशात टाकली होती.

'दाउवे,' वासितीनं लिहिलं होतं, 'आपलं जुनं झाड वादळात पडलं. ही साल खाडीच्या तोंडावरच्या मोठ्या झाडाची आहे. भलतीच कडू आहे, म्हणजे गुणालाही भलतीच असणार. तुझ्या भावाचे पाय परत सुजलेत. सोमवारपासून त्याला याचंच सुरू करतेय. तुझ्या माशांनाही पाज, म्हणजे त्यांची तरी लग्नं वेळेवर होतील.'

सोमवार, मंगळवार, बुधवार. आज गुरुवार.

आमच्याकडे औषध चार दिवसांचं असतं. तीन नाही, पाच नाही. आणि वासितीच्या घरच्या पद्धतीनं चौथ्या दिवशी तळाला बसलेला सगळा गाळ फडक्यात घालून पिळतात आणि ती करवंटी रोग्याला एका दमात पाजतात. तीन दिवसांत मिळून जेवढं पोटात जातं, तेवढं त्या एका करवंटीत असतं. हे मी स्वतः मोजलेलं होतं. त्यात आपेनिसाला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन काळजाची एक झडप खराब झालेली. इस्पितळाची छोटी पांढरी गोळी तो रोज सकाळी घेतो. ती गोळीही मुळात एका झाडाचीच, कुठल्या तरी थंड देशातल्या, आणि काळजावर ती नेमकं तेच करते जे रेवा करतो. जुन्या झाडाची साल मवाळ होती म्हणून दोन्ही मिळून इतकी वर्षं निभावलं. मी वासितीला दोनदा म्हटलं होतं, दोन्ही एकदम देऊ नकोस. ती म्हणाली होती, "तुमची गोळी म्हणजे माझ्या औषधाची नक्कल. नकलेला कोण घाबरतं?" आणि मी विषय सोडून दिला होता.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मी तिला फोन लावला. पण त्याआधी आमचं नातं काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही.

वासिती माझी दाउवे, म्हणजे भावजय, आणि मी तिची दाउवे, म्हणजे नणंद. आमच्यात नणंद-भावजयींनी एकमेकींशी सरळ बोलायचं नसतं. टर उडवायची, उणंदुणं काढायचं, थापा मारून चारचौघांत फजिती करायची, आणि जी चिडली ती हरली. गेल्या नाताळात मी तिला अगदी तोंड पाडून सांगितलं होतं की तिच्या औषधात आम्हाला एक पदार्थ सापडलाय, तो हाताळणाऱ्या बाईला चाळिशीनंतर दाढी येते. प्रयोगशाळेतल्या माझ्या वरिष्ठ डॉक्टर गौंडरबाईंचं खोटं पत्रसुद्धा दाखवलं. बिचारी दोन दिवस चर्चमध्ये हनुवटी चाचपत बसली होती. तिसऱ्या दिवशी गावाला कळलं आणि लोक हसून हसून लोळले. वासितीही हसली, पण मला म्हणाली, "थांब, तुझी पाळी येईल."

आणि भाऊ? भावाशी मी बोलतच नाही. वयात आल्यावर सख्ख्या भाऊ-बहिणीनं एकमेकांशी बोलायचं नसतं, एका चटईवर बसायचं नसतं. तो घरात आला की मी मागच्या दारानं बाहेर पडते. यात भांडण नाही, हा मान आहे. पंधराव्या वर्षापासून आज चौतीस वर्षं त्याला जे सांगायचं ते वासितीच्या तोंडून सांगितलं. आई गेली त्या दिवशीसुद्धा.

"बोल गं दाउवे, अजून आहेस का जिवंत?" वासिती म्हणाली. मागं कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"ऐक. त्याला आजची करवंटी देऊ नकोस."

"का? तुला हवीय?"

"मस्करी करत नाहीये. त्या नव्या सालीनं माझी सगळी पिल्लं मेली. वीस मिनिटांत."

"तुझ्या हातचं जेवून तुझा नवरा बोटीवर नोकरीला पळाला. मासे मेले त्यात काय नवल!"

"दाउवे, देवाशपथ सांगते..."

"दाढीच्या वेळेलाही देवच होता."

"बायबलवर हात ठेवून सांगते!"

"कुठला हात? मागच्या वेळी डावा ठेवला होतास." ती खदखदून हसली. "हे बघ, पाणी उतरायला लागलंय. बायका खडकावर शिंपले वेचायला निघाल्यात. अर्ध्या तासात मी पण निघणार. जाता जाता त्याला पिळून देते."

"गाळ पिळू नकोस!" मी किंचाळले. "त्याला आज काहीच देऊ नकोस, ऐक माझं, पाया पडते तुझ्या."

"अगं बाई, पाया पण पडतेय! आणि हे काय, रडतेयस? या वेळी नाटक झकास बसवलंस हं. थांब, खडकावर सगळ्यांना सांगते."

तिनं फोन ठेवला. मी खरंच रडत होते. चौतीस वर्षांत त्या बाईशी एक शब्द सरळ बोलले असते तर आज कामाला आला असता, असं वाटून मला स्वतःचा संताप आला. लगेच परत लावला, तर तिनं तो उचलला, नुसती हसली आणि ठेवून दिला. त्यानंतर फोन बंद.

डॉक्टर गौंडर धावत आल्या. लंबासाच्या आहेत, उसाच्या मळ्यातल्या घरात वाढलेल्या, आवाज चढवायला वेळ लावत नाहीत. ताटली बघितली, चिठ्ठी वाचली, आणि पहिल्यांदा बेटावरच्या इस्पितळाला फोन करून मोटरबोट मागितली. बोट बेटाच्या पलीकडच्या अंगाला होती. गावी पोचायला दोन तास लागणार होते.

"भावाचा नंबर दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला. त्यानं उचलला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला त्याचा आवाज ऐकू येत होता.

"हो हो डॉक्टर," तो अदबीनं म्हणाला, "माझ्या बायकोनं आत्ताच सांगितलं मला, सुवाहून डॉक्टरांचाही फोन येईल म्हणून. गेल्या वेळचं तुमचं पत्रही वाचलं होतं आम्ही. फार हसलो."

"मिस्टर आपेनिसा, ही थट्टा नाही. तुमच्या जिवाला धोका आहे."

"तुमच्या हाताखालच्या बाईंना सांगा, नाताळला या म्हणावं. दाढी बघायला." तो हसला. हसताना त्याला धाप लागली, ती मी ऐकली. मग त्यानं नमस्कार करून फोन ठेवला, आणि डॉक्टरांचा नंबर पुन्हा उचलला नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "माके, तू लाव. तो दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. तू बोललीस तर त्याला कळेल की थट्टा नाही. थट्टेसाठी कुठली बहीण भावाशी बोलते?"

"आम्ही बोलत नाही," मी म्हणाले.

"मला माहीत आहे तुम्ही बोलत नाही! म्हणून तर!"

त्यांचं बरोबर होतं, आणि ते त्यांच्याआधी मला कळलं होतं. तरी मी म्हणाले, "आधी सिस्टरला लावून बघते." गावच्या दवाखान्याची सिस्टर लसी घेऊन दुसऱ्या गावाला गेली होती, तिचा फोन लागेना. गावच्या मुखियाला लावला. तो डोंगरावर यंगोनाच्या मळ्यात, तिथं रेंज नाही. पाद्रीबाबांना लावला. वाजत राहिला. मग पुन्हा सिस्टर, पुन्हा मुखिया, पुन्हा पाद्रीबाबा. मी तेच तीन नंबर फिरवत राहिले, कारण चौथा फिरवायचा नव्हता.

मी कशाला घाबरत होते? म्हातारी माणसं सांगतात की भाऊ-बहीण बोलले तर पोरांच्या अंगावर गळवं उठतात. मी शिकलेली बाई, गळवांना घाबरत नाही. मला भीती होती त्याच्या चेहऱ्याची. माझा आवाज कानावर पडल्यावर त्याचं तोंड लाजेनं कसं होईल, त्याची. भर रस्त्यात त्याच्यापुढं कपडे काढून उभं राहायला सांगितलं असतं तर जसं वाटलं असतं, तसं वाटत होतं. भाऊ मरेल ही भीती होतीच, पण ही दुसरी तिच्याहून मोठी निघाली. चाळीस मिनिटं मोठी निघाली. हे मी आजपर्यंत डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही.

दहाला पाच कमी असताना डॉक्टर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. ओरडल्या नाहीत. "तो मेला तर त्याच्या मयताला तरी त्याच्याशी बोलशील का?" त्यांनी विचारलं.

मी नंबर लावला.

"हॅलो? कोण?" माझा नंबर त्याच्याकडं नव्हताच.



"ङाने," मी म्हणाले. बहिणीनं भावाला आणि भावानं बहिणीला म्हणायचा आमच्यात हा एकच शब्द, आणि तोसुद्धा मी त्याच्या तोंडावर शेवटचा कधी म्हटला ते आठवत नव्हतं. "मी माकेरेता. फोन ठेवू नकोस. ते औषध पिऊ नकोस."

पलीकडं फक्त कोंबड्या. लांबून पाण्याचा आवाज. तो फोन ठेवणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे खरं होतं," तो म्हणाला.

"खरं आहे. पिऊ नकोस."

"प्यायलो, ङाने. पाव तास झाला. ती पाजून खडकावर गेली."

मी डॉक्टरांकडं बघितलं. माझा चेहरा बघून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्या कानाशी कुजबुजून प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी ते आमच्या भाषेत त्याला विचारत होते.

"मळमळतंय का?"

"कालपासून. सकाळी उलटी झाली. आता होत नाही नीट, करून बघितली."

"परत बोट घाल घशात."

तो प्रयत्न करत होता ते ऐकू आलं. नुसते कोरडे उमाळे. "नाही येत काही," तो म्हणाला.

"डोळ्यांना काही होतंय?"

"सगळं पिवळं दिसतंय. मंगळवारपासून. ताटातला दलोचा कंद पिवळा, चटई पिवळी. आत्ता दारातून बघतोय तर समुद्र पिवळा आहे. म्हटलं औषध लागू पडतंय."

डॉक्टरांनी तोंडावर हात धरला. पिवळं दिसणं म्हणजे विष अंगात भिनल्याची खूण, हे मलाही माहीत होतं. आमच्या पुस्तकात ते पहिल्या पानावर आहे.

"वासितीला सांगितलं नाहीस?" त्याच्याशी बोलताना तिला काय म्हणायचं हेही मला ठाऊक नव्हतं. आतापर्यंत नेहमी उलटं चाललेलं, तिच्याशी त्याच्याविषयी बोलायचं.

"तिनं पिवळ्या नवऱ्यावर गाणं रचलं असतं."

"घरात कोण आहे?"

"कुणी नाही. बाप्ये मळ्यात, बायका खडकावर. हाक मारली तर कोण ऐकणार?"

"मारू नकोस. उठू पण नकोस. बोट निघालीये. तू आडवा हो, फोन कानाशी ठेव. दोन बोटं मनगटावर ठेव, अंगठ्याच्या खाली. लागतंय का काही?"

"लागतंय. हळू आहे."

"प्रत्येक ठोक्याला एकेक आकडा म्हण. मी सांगेपर्यंत थांबू नकोस."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि तो मोजायला लागला. चौतीस वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलत होता आणि काय बोलत होता, तर एक, दोन, तीन. एकोणीस वर्षं मी परक्या पिल्लांची काळजं मोजली, कधी हात कापला नाही. आता पेन्सिल धरवेना. दोन आकड्यांच्या मधे जी जागा होती, तिच्यात माझा जीव टांगणीला लागत होता. पुढचा आकडा आला की सुटायचा, की लगेच परत.

"अडतीस," पहिलं मिनिट संपलं तेव्हा तो म्हणाला.

डॉक्टर दुसऱ्या फोनवर इस्पितळाशी बोलत होत्या. हेलिकॉप्टर मिळेल का, कधी मिळेल, कुणाची सही लागेल. मला ते ऐकू येत होतं आणि येत नव्हतंही.

"परत," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला चौतीस झाले. मधे एकदा 'अकरा'नंतर तो इतका थांबला की मीच 'बारा' म्हणाले.

"तू नको म्हणू," तो म्हणाला. "मी म्हणतोय ना. अजून येतात मला आकडे."

"दमलास तर बोलू नकोस दुसरं काही."

"चौतीस वर्षं नाही बोललो. आता तरी बोलू दे." त्याचा श्वास घशात घुरघुरत होता. "मला वाटायचं, तू कधी बोललीस तर आधी भांडशील. खाडीतली ती होडी मी बुडवली होती. तुझी."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं."

तो हसला असावा. मग कुशीवर वळल्यासारखा आवाज आला, आणि तो म्हणाला, "भीती वाटते गं, ङाने."

मलाही वाटत होती. "मी आहे," मी म्हणाले. मग माझ्यानं राहवलं नाही. "मी आधीच लावायला हवा होता फोन. चाळीस मिनिटं मी नुसती बसून होते. तेव्हा तू प्यायला नव्हतास."

"तेव्हा तुझा आवाज ऐकून मी फोन ठेवला असता," तो म्हणाला. "लाजेनं."

हे तो माझ्यासाठी म्हणाला. त्यानं ठेवला नसता. आताही नव्हता ठेवला.

"मोज," मी म्हणाले.

तो मोजायला लागला. आता त्याला आकड्यांच्या मधे बोलायलाही जमत नव्हतं. एक. दोन. काही वेळानं तीन. पिल्लांच्या काळजात मी सकाळी जे बघितलं होतं, तेच त्याच्या छातीत चाललं असणार. वरचा कप्पा हाका मारतोय आणि खालचा ओ देत नाही. मला ते डोळ्यासमोर दिसत होतं आणि मी ते थांबवू शकत नव्हते. डॉक्टर माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. मिनिट संपलं तरी मी त्याला थांबवलं नाही. आकडा चालू आहे तोवर भाऊ आहे, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात उरला होता.

"सव्वीस," तो म्हणाला. मग फार वेळानं, पुटपुटल्यासारखं, "सत्तावीस."

मी वाट बघितली.

"अठ्ठावीस," मी म्हणाले. "अठ्ठावीस म्हण. ङाने, अठ्ठावीस म्हण ना."

कोंबड्या चालूच होत्या. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तो झटकून टाकला. घड्याळात दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. बोट यायला अजून तास होता. मी त्याला हाका मारल्या. रागावले, शिव्या दिल्या, लहानपणी त्याला जे चिडवायचे तेही म्हणून झालं. त्या रिकाम्या घरातून माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही. ठेवला असता तर ते झालं असतं, असं वाटत होतं.

अकराच्या सुमाराला पलीकडं फळ्यांवर पावलं वाजली. ओल्या कपड्यांचा सपसप आवाज आला, आणि वासिती गाणं गुणगुणत आत आली.

"हे बघा! दिवसाढवळ्या झोपलाय, तेही फोन कानाशी घेऊन," ती म्हणाली. मग आवाज एकदम जवळ आला. "कोण आहे? डॉक्टरीणबाई का? माझ्या नवऱ्याला झोप येईपर्यंत बोललात वाटतं!"

"मी आहे," मी म्हणाले.

"तू?" ती खुदकन हसली. "तू त्याच्या कानाशी? लाज सोडलीस की काय? बरं, झोपलाय म्हणून ठीक. आज शिंपले एवढे मिळालेत की..."

"त्याच्या मानेला हात लाव."

"का? तिथंही तुझे मासे आहेत?"

ती हसत होती. तिचा नवरा तिच्या पायाशी पडला होता, आणि हे तिला सांगायला माझ्याकडं एकही शब्द उरला नव्हता जो मी थट्टेत वापरलेला नव्हता. देव झाला होता, बायबल झालं होतं, रडणंही झालं होतं. दाउवेला दाउवे नावानं हाक मारत नाही. ती लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून तिचं नाव मी तिच्यासमोर एकदाही घेतलं नव्हतं.

"वासिती," मी म्हणाले.

तिचं हसणं थांबलं. टोपली खाली पडली, शिंपले फळ्यांवरून घरंगळत गेल्याचा आवाज आला, आणि मग ती त्याला हलवून हलवून हाका मारायला लागली.